यात्रिकांची वाट, तरुणांचे तांडे

उन्हाळ्याच्या सुटीत युरोपातील कोणत्याही मोठ्या रेल्वेस्थानकावर डोक्याच्या वर जाणाऱ्या पिशव्या पाठीला लावलेल्या तरुण-तरुणींचे जे तांडे दिसतात, त्यांतील काहींच्या गळ्यात लाकडी क्रूस असतो, काहींच्या पिशवीला शिंपला टांगलेला असतो, आणि विचारले असता ते ज्या गावांची नावे सांगतात ती तेझे, चेन्स्तोहोवा, सांतियागो ही नावे पॅरिस-व्हेनिसच्या पंक्तीत सहसा बसत नाहीत. स्वस्त तिकीट, हलका तंबू आणि लांब सुटी ही साधने गेल्या शतकातील असल्यामुळे ही प्रथाही गेल्या शतकातच जन्मास आली असावी, असे पाहणारा मानून चालतो. ही समजूत अर्धीच खरी आहे. चालण्यास पाय आणि सोबतीस मित्र तरुणांना सर्व काळी होते. अडचण संध्याकाळची होती. परक्या मुलखात अंधार पडल्यावर दार कोण उघडील या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी ज्यांनी दिले, त्यांच्या जिवावर ही प्रथा टिकली, आणि ते दार बंद करण्याची सत्ता ज्यांच्या हाती आली, त्यांनी ती मोडण्याचा यत्न केला. तेव्हा तिचा इतिहास लिहावयाचा तर तो प्रवाशांपेक्षा यजमानांचा आणि कोतवालांचा अधिक होतो.

सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली सिद्ध केली, तिच्या त्रेपन्नाव्या प्रकरणात, दारी आलेल्या प्रत्येक अतिथीचे स्वागत साक्षात ख्रिस्त आला आहे असे समजून करावे, अशी आज्ञा आहे. परंतु त्याच नियमावलीच्या आरंभी, या मठातून त्या मठात तीन-चार दिवसांचा मुक्काम करीत जन्मभर भटकणाऱ्या संन्याशांवर त्याने कडक शब्दांत कोरडेही ओढले आहेत. अतिथी पूज्य, पण भटक्या संशयास्पद. आणि दारात उभा असलेला मनुष्य या दोहोंपैकी कोण, हे ओळखण्याचे निश्चित साधन कोणापाशीही नाही. यजमानाच्या मनातील ही द्विधा वृत्ती पुढील चौदाशे वर्षांत कधीच नाहीशी झाली नाही, आणि ती नाहीशी झाली असती तर आतिथ्याला पुण्य म्हणण्याचे कारणही उरले नसते.

नवव्या शतकात स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात प्रेषित याकोबाची कबर सापडल्याची वार्ता पसरली आणि पुढील दोन-तीन शतकांत सांतियागो हे रोम व यरुशलेम यांच्या खालोखालचे यात्रास्थान बनले. बाराव्या शतकात सिद्ध झालेल्या एका लॅटिन ग्रंथाच्या पाचव्या भागात या यात्रेची मार्गदर्शिका आहे. फ्रान्सातून निघणाऱ्या चार वाटा कोठून कोठे जातात आणि पिरेनीज पर्वत ओलांडल्यावर पुएन्ते ला रेइना येथे त्या कशा एकत्र मिळतात, कोणत्या नदीचे पाणी प्यावे व कोणत्या नदीचे पाजल्यास घोडा मरतो, कोणते नावाडी दामदुप्पट उतराई घेऊन वर नावेत माणसे कोंबतात, हे सर्व तिच्यात इतक्या रोखठोकपणे सांगितले आहे की लेखकाने स्वतः मनस्ताप भोगल्याविषयी शंका राहत नाही. शेवटच्या प्रकरणात तो एक गोष्ट सांगतो. सांतियागोहून परतणारे दोन फ्रेंच यात्रिक प्वातिए नगरात एका अख्ख्या गल्लीत दारोदार निवारा मागत फिरले. कोणी दिला नाही. अखेरच्या घरातील एका गरिबाने तेवढे त्यांना आत घेतले. आणि त्याच रात्री लागलेल्या आगीत ते एक घर वगळून सारी गल्ली जळून गेली. गोष्टीच्या सत्यतेचा विचार बाजूस ठेवला तरी ती सांगण्याची गरज भासली, यावरून दारे सर्वत्र उघडी नव्हती एवढे सिद्ध होते. म्हणूनच पिरेनीजच्या घाटमाथ्यावर रोंसेस्वाल्येस येथे त्याच शतकात स्थापन झालेल्या धर्मशाळेची कीर्ती एवढी झाली. ज्यू आणि पाखंडी यांनाही तेथे मज्जाव नव्हता, असे तिच्या स्तुतिपर काव्यात सांगितले आहे.

यात्रिकांच्या जोडीने विद्यार्थीही वाट चालत होते. बोलोन्या किंवा पॅरिस येथे शिकावयास निघालेला मुलगा बहुधा धर्मसेवेचाच उमेदवार असे, गावच्या धर्मगुरूचे शिफारसपत्र त्याच्या जवळ असे, आणि रस्त्यात लुटला जाण्याची भीती त्याला व्यापाऱ्याहून कमी नसे. ११५५ च्या सुमारास सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने विद्येसाठी परमुलखात जाणाऱ्यांना संरक्षण देणारे फर्मान काढले ते याच कारणास्तव. परंतु सोळाव्या शतकात वारे फिरले. लूथरने यात्रेच्या पुण्यावरच हल्ला चढविला, इंग्लंडात १५३६ ते १५४० या काळात मठ खालसा झाले, आणि मठांबरोबर त्यांची अतिथिगृहेही गेली. १५७२ च्या इंग्रजी कायद्याने तर विद्यापीठाच्या मोहोरेचा परवाना न घेता भिक्षा मागत हिंडणाऱ्या ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना उनाड भटक्यांच्या यादीत घातले. कॅथलिक राजेही मागे नव्हते. स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने १५९० साली हुकूम काढून आपल्या रयतेस यात्रिकाचा वेष धारण करण्यास मनाई केली आणि यात्रेस निघणाऱ्याने स्थानिक अंमलदाराचा दाखला बाळगावा असे ठरविले. शिंपला आणि काठी घेऊन फिरणारा प्रत्येक जण भाविकच असतो असे नाही, ही राजाची तक्रार निराधार नव्हती. पण दाखल्याने भोंदू अडले किती आणि गरीब भाविक अडले किती, याचा हिशेब कोणत्याही दफ्तरात सापडणार नाही.

याच काळातील एक वाटसरू मराठी वाचकाच्या विशेष परिचयाचा आहे. एलिझाबेथ राणीच्या अंमलात कॅथलिक धर्माचरण धोक्याचे झाले असता थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज तरुण आपला मित्र थॉमस पाउंड याच्या चाकराचे सोंग घेऊन त्याच्याबरोबर राहत होता, आणि दोघांनी मिळून रोमला जावयाचे असा त्यांचा बेत ठरला होता. ऐन वेळी पाउंड पकडला गेला; त्याच्या आयुष्याची पुढील अनेक वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स मित्रावाचून निघाला आणि १५७५ साली रोम येथे येशूसंघात दाखल झाला. ते वर्ष जयंती-यात्रेचे होते. फिलिप नेरीच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या यात्रिकगृहात त्या वर्षी रोमचे सरदार आणि धर्माधिकारी येणाऱ्या यात्रिकांचे धुळीने माखलेले पाय धूत होते. हा नेरीही तरुणांचाच सखा; त्यांचा मेळा जमवून रोमच्या सात चर्चांची पायी फेरी काढणे, वाटेत एखाद्या बागेत शिदोरी सोडणे आणि गायनवादन करणे हा त्याचा परिपाठ असे, आणि भक्तीत एवढा आनंद कसा, म्हणून काही वरिष्ठांच्या भिवया उंचावत असत. स्टीफन्स मात्र रोममध्ये फार काळ राहिला नाही. १५७९ साली लिस्बनहून गलबतात बसून तो गोव्यास आला, आणि १६१६ साली राचोल येथे छापले गेलेले त्याचे ‘क्रिस्तपुराण’ मराठी वाङ्मयात कायमचे स्थान मिळवून बसले. पन्नास वर्षांच्या आतच गोव्याकडून उलट दिशेने एक तरुण गेला. दिवाडीच्या मातेउस द कास्त्रो याला जन्माने हिंदी असल्यामुळे गोव्यात धर्मगुरूची दीक्षा मिळेना, म्हणून त्याने खुष्कीच्या मार्गाने रोम गाठले, तेथे दीक्षा घेतली, आणि १६३७ साली तो बिशप झाला. ज्यांना घरचे दार बंद होते त्यांना दूरचे उघडे मिळाले, असे या दोघांच्याही बाबतीत म्हणता येईल.

पुढील दोन शतकांत श्रीमंतांची मुले शिक्षक आणि नोकर बरोबर घेऊन युरोपचा दौरा करीत. त्यांचा या कथेशी संबंध नाही. संबंध आहे तो कारागिरांच्या मुलांचा. जर्मन मुलखात सुतार, गवंडी, चांभार यांच्या शिकाऊ मुलाने उमेदवारी संपल्यावर काही वर्षे गावोगाव हिंडून काम करावे अशी जुनी वहिवाट होती. कारखाने वाढले, कारागिरांच्या जुन्या संघांची सत्ता ढासळली, आणि ही मुले रात्री दारूच्या गुत्त्यात किंवा रस्त्यावर पडू लागली. आडॉल्फ कोल्पिंग हा स्वतः चांभारकाम करून पुढे धर्मगुरू झालेला गृहस्थ. त्याने हे हाल केवळ पाहिले नव्हते, भोगले होते. १८४९ साली त्याने कोलोन येथे कारागीर तरुणांचा संघ स्थापन केला आणि १८६५ मध्ये तो वारला तेव्हा अशा संघांची संख्या चारशेच्या घरात गेली होती. एका गावच्या सभासदाला दुसऱ्या गावच्या संघात अंथरूण, गरम जेवण आणि ओळखीची माणसे मिळत. प्रॉटेस्टंटांनीही १८५४ मध्ये बॉन येथे याच धर्तीचे वसतिगृह उघडले. तरुण ख्रिस्ती माणसाने मित्रांच्या आधारावर देश पालथा घालावा, या कल्पनेला आधुनिक बांधणी मिळाली ती या चांभाराच्या हातून. आणि तिचे श्रेय रेल्वे कंपन्यांना देणाऱ्यांनी त्याचे चरित्र एकदा वाचावे.

विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनच्या श्टेग्लिट्स उपनगरातील शाळकरी मुलांनी ‘वांडरफोगेल’ हा संघ काढला. पाठीवर पिशवी, गळ्यात गिटार, रात्री शेतकऱ्याच्या कोठारात मुक्काम, आणि वडीलधाऱ्यांच्या शिस्तीला रामराम, असे त्याचे स्वरूप होते. ऑगस्ट १९०९ मध्ये रिखार्ड शिर्मान नावाचा शिक्षक विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीस निघाला असता वादळाने गाठले. एका खेड्यातील शाळेची खोली, शेतकऱ्याने दिलेला पेंढा आणि दूध यांवर ती रात्र निघाली. आणि सुटीत ओस पडणाऱ्या शाळा मुलांच्या मुक्कामासाठी का वापरू नयेत, या त्याच रात्री सुचलेल्या विचारातून आज जगभर पसरलेली युवक-वसतिगृहे निर्माण झाली. आल्टेना येथील किल्ल्यात १९१२ साली उघडलेले वसतिगृह हे त्यांतील पहिले कायमचे. कॅथलिक मुलांच्या ‘क्विकबोर्न’ संघाने या चळवळीची पिशवी आणि गाणी घेतली, दारू वर्ज्य केली, आणि १९१९ मध्ये माइन नदीकाठचा रोथेनफेल्सचा किल्ला विकत घेतला. तेथे रोमानो ग्वार्दिनी हा विद्वान धर्मगुरू त्यांना भेटला. किल्ल्यातील रिकाम्या, पांढऱ्या दालनात काळ्या चौरंगांवर चहूबाजूंनी बसून पायी आलेली मुले उपासना करीत. चर्चमध्ये मागच्या बाकावर जांभया देणाऱ्या पिढीला उपासना ही आपली कृती आहे असे प्रथम तेथे वाटले, आणि पुढे कॅथलिक उपासनापद्धतीत जी सुधारणा झाली तिची पूर्वतयारी बऱ्याच अंशी या किल्ल्यात झाली.

हिटलरच्या हाती सत्ता येताच या सर्वांवर गदा आली. वसतिगृहे हिटलर-युवकसंघाच्या ताब्यात गेली. १९३५ च्या ईस्टरमध्ये सुमारे दोन हजार कॅथलिक तरुण रोमला जाऊन पोपला भेटून परतले, तेव्हा सरहद्दीवर पोलिसांनी त्यांचे गणवेष, तंबू आणि पाठपिशव्या जप्त केल्या. त्याच वर्षीच्या २३ जुलैच्या पोलीस-हुकुमाने धार्मिक युवकसंघांना गणवेष, बिल्ले, सामूहिक पदयात्रा आणि छावण्या या सर्वांची मनाई झाली. चर्चमध्ये प्रार्थना करण्यास मुभा होती, प्रार्थना करून मित्रांबरोबर डोंगरावर जाण्यास नव्हती. जुलमी सत्तेची समज या बाबतीत अनेक धर्माधिकाऱ्यांहून सूक्ष्म होती, असे म्हणणे भाग आहे. चार भिंतींतील धर्माचे तिला भय वाटत नव्हते. चार मित्र पिशव्या घेऊन निघतात, वाटेत आपापसांत बोलतात, आणि दुसऱ्या देशातील माणसाच्या घरी जेवतात, याचे तिला भय वाटत होते.

ते भय खोटे ठरले नाही. जारब्रुकेन येथे वाढलेला विली ग्राफ हा कॅथलिक शाळकरी मुलांच्या संघाचा सभासद होता. त्याने हिटलर-युवकसंघात जाण्याचे नाकारले, एवढेच नव्हे तर जे मित्र गेले त्यांची नावे आपल्या वहीतून खोडून टाकली. मनाई असताही तो ‘ग्राउअर ओर्डन’ या लहानशा गुप्त मंडळाबरोबर इटली, युगोस्लाव्हिया अशा परमुलखांत पाठपिशवी घेऊन हिंडत राहिला. १९३८ च्या जानेवारीत याच आरोपाखाली त्याला काही आठवडे अटकेत ठेवण्यात आले. पुढे म्युनिक येथे वैद्यकाचा विद्यार्थी असताना तो ‘श्वेत गुलाब’ या हिटलरविरोधी मंडळात सामील झाला, सुटीच्या प्रवासाच्या निमित्ताने गावोगावच्या जुन्या सोबत्यांना भेटून त्यांना प्रतिकारात ओढण्याचे काम त्याने अंगावर घेतले, आणि १२ ऑक्टोबर १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. अटकेनंतर कित्येक महिने गेस्टापोने त्याच्याकडून इतर नावे काढण्याची खटपट केली. ती निष्फळ झाली. तंबूत एकत्र झोपलेल्यांची नावे तो खोडूही जाणत होता आणि राखूही.

युद्ध संपल्यावर पहिल्याच वर्षी फ्रान्सातील वेझले येथे एक विलक्षण यात्रा झाली. ११४६ साली याच टेकडीवर दुसऱ्या धर्मयुद्धाची हाक दिली गेली होती. तिला आठशे वर्षे झाली म्हणून १९४६ च्या जुलैमध्ये, या वेळी शांतीसाठी, निरनिराळ्या देशांतून चौदा जड लाकडी क्रूस खांद्यावर घेऊन माणसे पायी आली. जवळच्या छावणीतील जर्मन युद्धकैद्यांनी आपल्यालाही सामील होऊ द्यावे अशी विनंती केली, आणि त्यांच्या ओबडधोबड क्रूसाने संख्या पंधरा झाली.

बर्गंडीतच, क्लूनीच्या प्रख्यात मठाच्या भग्नावशेषांपासून काही किलोमीटरांवर, तेझे हे खेडे आहे. १९४० च्या ऑगस्टमध्ये रोजे शुट्झ हा प्रॉटेस्टंट पाद्र्याचा पंचविशीतला मुलगा जिनीव्हाहून सायकलीने तेथे आला. त्याने एक घर विकत घेतले आणि ज्यूंसह अनेक निर्वासितांना त्यात लपविले. १९४२ मध्ये गेस्टापोची नजर वळल्यामुळे त्याला तेथे राहणे अशक्य झाले. १९४४ मध्ये तो पुन्हा आला आणि जवळच्या छावणीतील जर्मन कैद्यांना रविवारी घरी जेवू घालू लागला. गावकऱ्यांना हे रुचले नसल्यास नवल नाही. १९४९ च्या ईस्टरला त्याच्यासह सात जणांनी तेथे मठवासी बंधू म्हणून जन्माची व्रते घेतली. पुढे तरुण येऊ लागले, आणि गावचे जुने चर्च अपुरे पडल्यामुळे १९६२ साली मोठे ‘समेटाचे चर्च’ उभे राहिले, ते बांधले जर्मनीच्या पापाचे परिमार्जन म्हणून आलेल्या जर्मन तरुणांनी. नऊ वर्षांत तेही अपुरे पडले. तेव्हा बंधूंनी दर्शनी भिंत पाडून पुढे तंबू जोडला. भिंत पाडणारा यजमान इतिहासात विरळाच. १९७४ च्या युवक-परिषदेस चाळीस हजार तरुण चिखलात तंबू ठोकून राहिले.

येथील दिनक्रम साधा आहे. तीन वेळा प्रार्थना, तिच्यात दीर्घ मौन, आणि अनेक भाषांच्या लोकांना पाठाशिवाय म्हणता यावीत अशी पुनःपुन्हा घोळवली जाणारी छोटी गीते. एका चमच्याने खावयाचे जेवण, वाडग्यातून चहा, आणि प्रत्येकाच्या वाट्यास भांडी घासण्यापासून संडास धुण्यापर्यंतचे एखादे काम. बंधू देणग्या घेत नाहीत. स्वतःच्या श्रमावर जगतात. तू कोणत्या पंथाचा, किंवा कोणत्याच नाहीस काय, हे दारात विचारीत नाहीत. काही कॅथलिक त्याला प्रॉटेस्टंट कावा म्हणत, काही प्रॉटेस्टंट रोमकडे नेणारी पाऊलवाट म्हणत; दोघांच्याही मुलांनी मात्र सुटीत तेझेचाच रस्ता धरला. १६ ऑगस्ट २००५ रोजी सायंप्रार्थनेच्या वेळी, भरल्या सभेत, एका मनोरुग्ण स्त्रीने चाकूने केलेल्या हल्ल्यात नव्वद वर्षांचे ब्रदर रोजे मरण पावले. उघड्या दाराची किंमत एवढीही असू शकते.

स्वित्झर्लंडातील ह्युएमो गावी अमेरिकन पाद्री फ्रान्सिस शेफर व त्यांची पत्नी ईडिथ यांनी १९५५ साली आपले घर ‘लाब्री’ या नावाने असेच उघडले. साठीच्या दशकातील लांबकेसे भटके तरुण तेथे अर्धा दिवस काम आणि अर्धा दिवस अभ्यास करीत. मात्र तेझेत मौनावर भर, तर शेफरांच्या जेवणाच्या टेबलावर वादावर. १९७२ च्या मार्चमध्ये एकवीस देशांत महिनाभर चालणारे ‘इंटररेल’ तिकीट एकवीस वर्षांपर्यंतच्या मुलांना मिळू लागले, आणि तोवर हजारोंनी निघणारे लाखोंनी निघू लागले. रेल्वेचे योगदान एवढेच, पण ते मोठे.

लोखंडी पडद्यापलीकडे वेगळाच प्रकार चालला होता. पोलंडमध्ये धर्मगुरूने तरुणांच्या सहली नेण्यास सरकारची बंदी असल्यामुळे, क्राकोच्या सेंट फ्लोरियन चर्चमधील करोल वोइतिवा नावाचा तरुण पाद्री साध्या कपड्यांत विद्यार्थ्यांबरोबर डोंगरांत आणि नद्यांवर जाई, आणि मुले त्याला चारचौघांत ‘वुयेक’, म्हणजे मामा, म्हणत. होडी उपडी टाकली की वेदी, दोन वल्ही बांधली की क्रूस. १९५८ च्या उन्हाळ्यात होडीच्या सहलीवर असतानाच त्याला बिशप नेमल्याची वार्ता आली. वॉर्सास जाऊन संमती देऊन तो पुन्हा होड्यांकडे परतला. वीस वर्षांनी पोप झाल्यावर याच मामाने जागतिक युवकदिनाची प्रथा पाडली. १९९१ च्या ऑगस्टमध्ये तो चेन्स्तोहोवा येथे भरला, तेव्हा सोव्हिएत संघातील हजारो तरुण प्रथमच सरहद्द ओलांडून आले. वॉर्साहून १७११ पासून दर ऑगस्टात नऊ दिवस पायी निघणारी तेथील यात्रा रंग आणि क्रमांक यांनी ओळखल्या जाणाऱ्या गटांत, गात गात चालते. वारकऱ्यास ती दिंडीच वाटावी.

सांतियागोची वाट मात्र मध्यंतरी जवळजवळ बुजली होती. ओ सेब्रेइरो या डोंगरगावचा पाद्री एलियास वालिन्या याने १९८४ च्या सुमारास पिवळ्या रंगाचे डबे गाडीत टाकून झाडांवर, दगडांवर, घरांच्या कोपऱ्यांवर बाण रंगवीत तिचा माग पुन्हा काढला. १९८९ च्या ऑगस्टमध्ये युवकदिनासाठी लक्षावधी तरुण सांतियागोस लोटले. त्याच वर्षी वालिन्या वारला. किमान शेवटचे शंभर किलोमीटर पायी चालणाऱ्यास मिळणारा यात्रेचा दाखला १९९३ मध्ये सुमारे एक लाख लोकांनी घेतला, २०२३ मध्ये चार लाख चाळीस हजारांहून अधिकांनी. गर्दीबरोबर धंदा आला. आता पिशवी मोटारीने पुढच्या मुक्कामी पाठविता येते, खाट आधी राखून ठेवता येते, आणि दार पैशाने उघडते. त्यात पाप काही नाही, पण ज्या रिवाजाची ही हकीकत आहे तो हा नव्हे.

तो पाहावयाचा असेल तर ला रियोहा प्रांतातील ग्रान्योन गावी, संत योहानाच्या चर्चला लागून असलेल्या यात्रिकगृहात मुक्काम करावा. तेथे जागा राखून ठेवीत नाहीत. जमिनीवर गाद्या घालून झोपतात, स्वयंपाक आणि जेवण सर्वांनी मिळून होते. दाराशी एक पेटी उघडी असते: शक्य असेल त्याने तीत टाकावे, गरज असेल त्याने तीतून घ्यावे. आपल्याकडील जे तरुण त्या वाटेने जातील त्यांनी तेथे एक रात्र अवश्य राहावे, आणि सकाळी निघताना पेटीत घसघशीत रक्कम टाकावी.